देणं उचल वाटू नये म्हणून: सुटका झालेल्या मुलांना आधार कसा द्यावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकरोडच्या एका महिला मंडळाने दिवाळीत बालगृहातल्या मुलांना फराळ आणि नवे कपडे दिले. त्यांत मेंढ्यांमागे राबवलेली, वेठबिगारीतून सोडवून आणलेली काही मुलं होती. त्यांच्यातलं कोणी हसलं नाही, एका मुलाने डबा तसाच बाजूला सारला, एक मुलगी फोटोच्या वेळी उठून गेली. या मुलांच्या मनात कृतज्ञता आणि आशा कशी जागवायची, आणि त्यातलं एखादं मूल घरी आणून सांभाळता येईल का, असं मंडळ विचारतं.

दुसरा प्रश्न आधी उरकू, कारण तो कायद्याचा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे सुटका झालेल्या मुलाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर हजर करावं लागतं. त्यानंतर ते कुठे राहील हे समितीच ठरवते. प्रतिपालक कुटुंबाची, म्हणजे मूल काही काळ सांभाळणाऱ्या घराची, सोय कायद्यात आहे, पण त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज, घरभेट, चौकशी अहवाल आणि शेवटी समितीचा आदेश लागतो. ‘दोन दिवस सुट्टीला घरी नेऊ’ हे आदेशाशिवाय करता येत नाही, आणि मुलासाठीही ते वाईटच. दोन दिवस मऊ गादी, टीव्ही, आंब्याचा रस, आणि सोमवारी पुन्हा फाटक. पहिल्या वर्षात तरी हा विचार सोडा.

आता त्या डब्याकडे येऊ. तो मुलगा उद्धट नव्हता. त्याला जगाचा जो हिशेब शिकवला गेला, त्यात मोठी माणसं आधी काही देतात आणि मग वसूल करतात. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यात एका कातकरी मुलीच्या मृत्यूनंतर जे प्रकरण उघड झालं, त्यात काही हजार रुपये आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात मुलं मेंढपाळांकडे दिल्याचं समोर आलं होतं. याला आपल्याकडे ‘उचल’ म्हणतात. उचल घरी जाते आणि फेड मूल करतं. अशा मुलाला तुम्ही नवा शर्ट दिला, रांगेत उभं केलं, ‘ताईंना थँक्यू म्हण’ सांगितलं आणि मोबाइल काढलात, की त्याच्या लेखी तीही उचलच होते. फेड कधी मागणार, एवढंच त्याला कळायचं असतं.

म्हणून पहिलं काम आभाराचं नाही, तो जुना हिशेब मिटवण्याचं आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६ नुसार असं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. हे मुलाला त्याच्या बोलीत, एकापेक्षा जास्त वेळा सांगावं लागतं: ‘तुझ्या आईबापाला आता काही परत द्यायचं नाही. तू निघून आलास म्हणून त्यांना कोणी पकडणार नाही.’ अनेक मुलं सुटल्यावर ‘मला कामावर परत जायचंय’ म्हणतात. ती मालकाची ओढ नसते. आपण इथे जेवतोय आणि तिकडे बापाला शिव्या पडतायत, या धास्तीतून ते येतं. मात्र हे आश्वासन देण्याआधी अधीक्षकांना किंवा संरक्षण अधिकाऱ्यांना एक विचारून घ्या: प्रांताधिकाऱ्यांकडून मुक्तीचा दाखला निघाला का? तो कागद नसेल तर पुनर्वसनाची मदत अडते आणि गावात ‘कर्ज अजून आहे’ असं सांगणाऱ्याचं फावतं. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत वेठबिगारीतून सुटलेल्या मुलांसाठी २ लाख रुपये आणि अधिक गंभीर शोषणाच्या प्रकरणांत ३ लाख रुपये अशी तरतूद आहे. सुरुवातीची तातडीची मदत वेगळी असते. मोठी रक्कम खटल्याशी जोडलेली असल्याने ती लांबते. ‘तुला दोन लाख मिळणार’ हे मुलाला चुकूनही सांगू नका.

पहिल्या आठवड्यांत सगळ्यात जास्त चुका होतात त्या जेवणात. हाडं दिसणाऱ्या मुलाला पाहून आपला हात सुटतो: शिरा, गुलाबजाम, पुरी. बरेच दिवस अर्धपोटी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर साखर आणि पिष्ट गेलं, की ते पेशींत ओढून नेताना रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने घटतं. अंगावर सूज येते, धाप लागते, हृदयाचे ठोके बिघडतात. मूल फार कृश असेल तर आधी डॉक्टर, मगच आहार. पावलांवर सूज असेल, बोटाने दाबल्यावर खड्डा तसाच राहत असेल, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठायचं. बाकी मुलांना पहिला आठवडा दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यावं: मऊ वरणभात, नागलीची (नाचणीची) आंबील, केळं, उकडलेलं अंडं. पेठ-सुरगाण्याकडच्या मुलाला नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं जितकं ओळखीचं वाटेल तितका तुमचा पुलाव वाटणार नाही. दिवाळीचा तळलेला फराळ पोट सावरल्यावर ठीक आहे.

मग भाकरी लपवणं. हे जवळजवळ ठरलेलं असतं. ताटात वाढलेल्या दोनपैकी एक भाकरी मूल खातं, दुसरीची घडी घालून शर्टात सारतं, आणि रात्री ती उशीच्या अभ्र्यात जाते. तीन दिवसांनी मुंग्या लागतात, बुरशी येते, मग कोणीतरी सगळ्यांसमोर उशी झटकतं आणि ‘इथे काय कमी आहे तुला?’ म्हणतं. त्या एका वाक्याने महिन्याची मेहनत जाते. त्याऐवजी त्याला घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा द्या, त्याचं नाव किंवा चित्र त्यावर असू द्या. रोज रात्री त्याच्यासमोर त्यात एक ताजी भाकरी किंवा मूठभर शेंगदाणे ठेवायचे, सकाळी शिळं काढून घ्यायचं. काही विचारायचं नाही, शिकवणी द्यायची नाही. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, डबा सकाळी जसाच्या तसा भरलेला दिसू लागतो. पुढे मूल तो उघडायचंच विसरतं. हे विसरणं कुठल्याही अहवालातल्या ‘प्रगती समाधानकारक’पेक्षा जास्त सांगतं.

अंगाची स्वच्छता करतानाही बेतानेच. उवा झाल्या म्हणून मुलीचे केस काढणं सोपं असतं, पण तिला ती शिक्षा वाटते. बारीक दातांची फणी आणि औषधी लोशन पुरतं, ते ७ ते १० दिवसांनी पुन्हा लावायचं. खरूज असेल तर डॉक्टरांनी दिलेलं मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर, खोलीतल्या सगळ्या मुलांना एकाच दिवशी, आणि आठवड्याने परत. एकट्यालाच लावलं तर ती शेजारच्या गादीवरून फिरून येते आणि औषध बिनकामाचं म्हणून आपण मोकळे होतो. अंगावरचे जुने कपडे मात्र जाळू नका, फेकू नका. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर ते पुरावा असतात, न धुता पोलिसांकडे द्यायचे. तसं नसेल तर मुलाला विचारून धुवा आणि त्याच्याच पिशवीत ठेवा. त्या फाटक्या फडक्यात आईच्या लुगड्याचा तुकडा असू शकतो.

रात्री भिंतीकडची जागा की दाराकडची, हे मुलालाच निवडू द्यावं. मंद दिवा चालू ठेवावा. मेंढ्यांमागे राहिलेलं मूल पहाटे चारला दचकून उठतं आणि बाहेर पळतं. त्याला धरायचं नाही, हलवायचं नाही. पायांकडे थोडं लांब उभं राहून त्याचं नाव घ्यायचं, आपलं नाव सांगायचं, आणि ‘तू नाशिकला आहेस, आज कामाला जायचं नाही’ एवढंच म्हणायचं. श्वास मंद करायला लावायचा असेल तर ‘खोल श्वास घे’ म्हटल्याने तो आणखी अडखळतो. ‘चहा गरम आहे, फुंकर मार’ म्हणा. फुंकर लांबली की छाती आपोआप शांत होते. अंथरूण ओलं झालं तर चादर बदलताना आवाज मोठा नको आणि साक्षीदार नकोत.

‘तुझ्यासोबत काय काय झालं ते सांग’ हा प्रश्न मंडळातल्या कोणीही विचारायचा नाही. मन मोकळं केल्याने हलकं वाटतं हे आपल्या मैत्रिणींपुरतं खरं आहे. धक्का बसलेल्याकडून एका बैठकीत सगळं वदवून घेण्याचा उपयोग होत नाही, उलट त्रास वाढू शकतो. शिवाय पोलीस, समिती, डॉक्टर यांना ते सांगून झालेलं असतंच. मुलाने आपणहून सांगितलं तर ऐका, मध्ये प्रश्न घालू नका, डोळे विस्फारू नका. नंतर तीन गोष्टी म्हणायच्या: सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, हे मला अमुक एका माणसाला सांगावं लागेल. गुपित ठेवण्याचं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याने (२०१२) प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणं गुन्हा आहे. अशा खटल्यात मुलासोबत राहायला सहायक व्यक्ती मिळते, आणि मनोधैर्य योजनेची मदत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते. महिना उलटूनही भयानक स्वप्नं, शून्यात बघणं, स्वतःला ओरबाडणं चालू असेल किंवा मूल मरणाचं बोलत असेल, तर मायेने भागत नाही. मरणाचं बोलणं असेल तर महिन्याचीही वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आता कृतज्ञता. ‘रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा’ हा उपाय तुम्ही ऐकला असेल. त्यामागे खरं संशोधन आहे. एमन्स आणि मॅककुलो यांनी २००३ मध्ये असे प्रयोग प्रसिद्ध केले आणि नोंदी करणाऱ्यांना बरं वाटल्याचं आढळलं. पण ते प्रयोग अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर आणि स्नायू-मज्जातंतूंचा आजार असलेल्या प्रौढांवर झाले होते, नुकत्याच सुटलेल्या दहा वर्षांच्या मुलांवर नाही. आमच्या मते मूल झोपू लागलं, भाकरी लपवणं थांबलं आणि एखाद्या मोठ्या माणसावर चिडू लागलं, की मगच हे सुरू करावं. चिडणं हे चांगलं चिन्ह आहे. जिथे मार बसणार याची खात्री असते तिथे मूल चिडत नाही.

सुरू कराल तेव्हा रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे. शब्द बदला. ‘कृतज्ञ’ हा शब्द प्रार्थनेतला वाटतो आणि ‘आभार’ समारंभातला. ‘या आठवड्यात कोणामुळे बरं वाटलं?’ एवढं विचारा. लिहायला लावू नका, चित्र काढू द्या किंवा नुसतं बोलू द्या. कागदाची दुसरी बाजू ‘काय वाईट वाटलं’ यासाठी मोकळी ठेवा. ती नसली की मुलं पहिली बाजू तुमच्यासाठी भरतात: ‘ताई आल्या, बरं वाटलं.’ खरं उत्तर बहुधा वेगळंच निघतं. दाराशी येणारं कुत्रं, भाजीवाल्याने फुकट दिलेलं गाजर, शेजारच्या पोराने रात्री न हसणं. ते कागद भिंतीवर लावायचे नाहीत, देणगीदारांसमोर वाचायचे तर मुळीच नाहीत. आणि ‘तुझ्यापेक्षा वाईट हालत असलेली मुलं आहेत’ हे वाक्य कायमचं बाद करा. त्याने कृतज्ञता येत नाही, बोलणं बंद होतं.

त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे मुलाला काही देता येणं. ज्याने आजवर फक्त घेतलंय असं त्याला सांगितलं जातं, त्याच्याकडे प्रत्यक्षात पुष्कळ असतं. मेंढ्यांमागे राहिलेल्या मुलाला ढगावरून पावसाचा अंदाज येतो, लंगडणाऱ्या जनावराचा खूर बघता येतो, दोरीच्या पाच-सहा गाठी येतात. कातकरी मुलांना रानातले कंद, पाणवठ्यातले खेकडे माहीत असतात. ‘ही गाठ मला शिकव’ असं खरोखर शिकण्यासाठी विचारा. शिकताना तुमची गाठ सुटू द्या. देणाऱ्याच्या जागेवर काही वेळा बसून झालं की दुसऱ्याचं देणं ओळखायला येतं, आभार त्यानंतरचे. मात्र मदत आणि राबवणं यांतली रेघ इथे पुसट असते. वाढायला मदत, रोपांना पाणी, वीसेक मिनिटं, इतर मुलांसोबत आणि ‘नको’ म्हणायची मोकळीक असेल तर ठीक. ‘हा कामाला चलाख आहे’ म्हणून त्याच्याकडेच झाडू जाऊ लागला, तर थांबवा.

आशेबद्दल अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांची मांडणी कामाला येते: काय हवंय ते माहीत असणं, तिथे जायच्या वाटा दिसणं, आणि ती वाट आपण चालू शकतो असं वाटणं. ‘मोठेपणी कोण होणार?’ या प्रश्नाने यातलं काहीच घडत नाही. मूल ‘पोलीस’ म्हणतं, कारण गणवेशातला तेवढाच माणूस त्याने जवळून पाहिलेला असतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. शनिवारपर्यंत सायकलवर तोल सांभाळायचा, हे ध्येय पुरेसं आहे. सोबत विचारायचं: ‘पाऊस आला तर काय करशील?’ दुसरी वाट त्याने सुचवावी. व्हरांड्यात, किंवा नुसतं ढकलत. तिथे आपली घाई आवरा.

याच कारणासाठी खोलीत मोठ्या चौकोनांचं कॅलेंडर लावा. त्यावर खऱ्या तारखा हव्यात: समितीपुढची पुढची तारीख, आईची भेट, शाळा उघडण्याचा दिवस, तुमचा येण्याचा वार. वाचता न येणाऱ्यासाठी चिन्हं: आईसाठी टिकली, समितीसाठी टेबल. जे आपल्या हातात आहे तेवढंच त्यावर जातं. आईला सुरगाण्याहून यायला एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी सोडावी लागते; ती सोय झाल्याशिवाय टिकली काढायची नाही. तारीख चुकणार असेल तर ती उलटण्याआधी मुलाला सांगायचं, कारण सांगायचं आणि नवी तारीख त्याच्याच हाताने लिहून घ्यायची. ‘घरी कधी जाणार?’ या प्रश्नाला ‘लवकरच’ हे उत्तर सगळेच देतात आणि तेच सगळ्यात वाईट. समितीने चौकशी साधारण चार महिन्यांत पूर्ण करून आदेश द्यायचा असतो, म्हणून ‘पुढचं अठरा तारखेला कळेल, त्या दिवशी मी नसले तरी अधीक्षक तुला सांगतील’ असं नेमकं बोला.

शाळेचं अडत असेल तर शिक्षण हक्क कायद्याने (२००९) वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. जन्मदाखला किंवा जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही, आणि मागे पडलेल्यांसाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. आश्रमशाळेचा विचार असेल तर आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे आणि प्रकल्प कार्यालयं नाशिक व कळवणला. पण घरापासून एकदा तोडलेल्या मुलाला पुन्हा वसतिगृहात टाकण्याआधी दोनदा विचार व्हावा.

खरी परीक्षा मूल घरी गेल्यावर असते, आणि तिथे मंडळं सहसा नसतात. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, द्राक्षबागांची कामं वाढतात, घरी आजारपण आलं की उचल पुन्हा दारात येते. ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने डोळ्यांत तेल घालून पाहायचे. जाण्याआधी घरची कागदपत्रं बघा: रेशनकार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, जातीचा दाखला, आईच्या नावाचं बँक खातं. यातलं एक नसलं तरी पुढची मदत खोळंबते. पात्र ठरल्यास क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये किंवा मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वातून महिना ४,००० रुपये मिळू शकतात. अर्ज मूल घरी जायच्या आधीच झालेला हवा. नंतर त्या वाडीवरून जिल्हा कचेरीच्या चकरा कोणी मारत नाही. पहिली भेट पंधरा दिवसांत, पुढे सहा महिने दर महिन्याला, संस्थेच्या कार्यकर्त्यासोबतच. अंगणवाडी ताई आणि मुख्याध्यापकांना अधूनमधून फोन केला तर गैरहजेरी लगेच कळते. मूल सलग आठवडाभर शाळेत दिसलं नाही तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा.

फोटोंचं एकदा स्पष्ट लिहितो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. व्हॉट्सॲप स्टेटसही त्यात येतं. चेहरा धूसर केला पण मजकुरात वाडीचं नाव राहिलं, तर ओळख पटतेच. फोटोतून उठून गेलेली ती मुलगी कायद्याच्या बाजूने होती.

मंडळाने पुढे काय करावं? वीस बायकांनी वर्षातून दोनदा जाण्याऐवजी चौघींनी ठरवून जावं. पोलिसांकडची पडताळणी आणि अधीक्षकांची लेखी परवानगी घ्यावी, किमान सहा महिने, ठरलेल्या वारी, तासभर, त्याच चेहऱ्यांनी. दोघी-दोघींच्या जोड्या असाव्यात, म्हणजे एक आजारी पडली तरी वार चुकत नाही. सोडायचं झालं तर दोन आठवडे आधी मुलांना सांगून, कॅलेंडरवर शेवटची भेट लिहून सोडावं. वर्गणी उरली असेल तर मुलांच्या आयांचं एसटी भाडं, झाकणाचे डबे, रबरी चादरी आणि फण्या घ्या. आणि पहिल्या भेटीला हातात काही नेऊ नका. आत जाऊन खाली बसा, सुतळीची एक गुंडी पुढे ठेवा आणि गाठ कोणाला येते ते विचारा.